मळभातील छायाचित्रण : हर्टर, ड्रिफील्ड आणि इमर्सन

कृष्णधवल छायाचित्रणाचा व्यासंग असणाऱ्या मंडळींत एक प्रश्न वरचेवर विचारला जातो : आभाळ भरून आलेले असताना चित्रे घ्यावयाची असतील, तर फिल्म कोणती घालावी आणि ती कोणत्या डेव्हलपरमध्ये धुवावी? प्रश्न व्यवहारातला आहे आणि त्याची व्यवहारी उत्तरेही मुबलक मिळतात. कोणी अधिक वेगवान फिल्म सुचवितो, कोणी एखाद्या डेव्हलपरचे गुण गातो. या उत्तरांची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. हा प्रश्न या स्वरूपात विचारला जाऊ लागला तो कशामुळे, हे येथे पाहावयाचे आहे. माझ्या मते त्यात दोन स्वतंत्र प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ते १८९० साली इंग्लंडमधील एका रसायनज्ञाने आणि एका अभियंत्याने पृथक् केले होते; पुढील अर्धशतकात मात्र, शास्त्र पुढे जात असतानाच, सामान्य छायाचित्रकाराच्या हातात ते पुन्हा गुंतत गेले.

गुंता भाषेतही आहे, आणि माझ्यासारख्या भाषाभ्यासकाने तेथूनच आरंभ करणे बरे. मराठीत आपण ‘झाकोळ’ म्हणतो तेव्हा उजेड मंदावल्याची जाणीव प्रधान असते. ‘मळभ’ म्हणतो तेव्हा आकाश आच्छादल्याची. दोन्ही गोष्टी पुष्कळदा बरोबर येतात म्हणून त्या एकच वाटतात. वस्तुतः तशा त्या नाहीत. पांढऱ्या ढगांनी झाकलेल्या दुपारी डोळे दिपतील इतका प्रकाश असू शकतो, पण तो सर्व बाजूंनी सारखाच येत असल्यामुळे कशाचीच सावली पडत नाही. उलट देवघरात समईच्या उजेडात प्रकाश अत्यल्प असतो. तरीही ज्योतीजवळची मूर्ती आणि कोपऱ्यातला अंधार यांच्यामधील अंतर प्रचंड असते. प्रकाश किती आहे हा एक प्रश्न. दृश्यातील सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोख्या भागांत अंतर किती आहे हा दुसरा. इंग्रजीतील ‘डल’ हा शब्द तर या दोन्ही अर्थांनी छायाचित्रकारांच्या तोंडी सर्रास फिरत असे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. स्वच्छ उन्हाच्या मानाने ढगाळ दिवशी प्रकाश साधारणपणे चौपटीने ते आठपटीने कमी होतो. तेवढी तूट भिंगाचे छिद्र मोठे करून, झडप अधिक वेळ उघडी ठेवून, किंवा अधिक वेगाची फिल्म घालून भरून काढता येते. दुसऱ्या प्रश्नाचे मोजमाप बऱ्याच उशिरा झाले. कोडॅकच्या संशोधनशाळेतील लॉइड जोन्स आणि कॉन्डिट यांनी १९४१ साली घराबाहेरील अनेक दृश्यांतील उजळ-काळोखाचे प्रमाण मोजून प्रसिद्ध केले. ते सरासरीने १६० : १ भरले. सर्वांत तीव्र दृश्यात हे प्रमाण ७६० : १ होते, तर सर्वांत सपाट दृश्यात अवघे २७ : १. ही तफावत कोणतीही वेगवान फिल्म भरून काढीत नाही, कारण वेग हा प्रकाशाच्या परिमाणाशी संबद्ध आहे, अंतराशी नव्हे. हे इतके उघड असताना लोक वेगाकडेच का धावतात? याचे उत्तर इतिहासात सापडते.

फर्डिनांड हर्टर (१८४४–१८९८) हे जन्माने स्विस. लँकेशायरमधील विड्नेस येथील एका मोठ्या क्षार-कारखान्यात ते रसायनज्ञ होते. व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड (१८४८–१९१५) हे तेथेच अभियंते होते, आणि तरुणपणी त्यांनी एका छायाचित्रकाराकडे उमेदवारी केलेली होती. ड्रिफील्ड यांनी मित्राला या छंदाची गोडी लावली. परंतु हर्टर यांच्यासारख्या मोजमापात मुरलेल्या माणसाला या कलेतील अंदाजपंचे कारभार मानवण्यासारखा नव्हता. त्या काळी प्लेट किती वेळ उघडी ठेवावयाची हे अनुभवाने ठरे, आणि अंदाज चुकला तर ती चूक डेव्हलप करताना सुधारता येते अशी सार्वत्रिक समजूत होती. तांबड्या दिव्याच्या उजेडात प्लेट तबकात ठेवावयाची. पायरोगॅलॉलच्या द्रावणात अमोनिया थोडा अधिक घालावयाचा, ब्रोमाइड थोडे कमी करावयाचे. चित्र उमटत असता त्याच्यावर नजर ठेवून हवा तो भाग वर आणावयाचा, नको तो दाबावयाचा. छायाचित्रकाराची कला याच घटकेत आहे असे मानले जाई.

या दोघांनी प्रथम प्रकाशाच्या परिमाणाचा प्रश्न हाती घेतला. १८८८ साली त्यांनी ‘ॲक्टिनोग्राफ’ नावाच्या साधनाचे पेटंट घेतले. ही एक प्रकारची सरकपट्टी होय. अक्षांश, महिना आणि दिवसाचा प्रहर यांवरून तीत प्रकाशाचे मान मिळे. त्यात प्लेटचा वेग आणि भिंगाचे छिद्र यांची जोड दिली की एक्स्पोजरचा काळ निघे. हवेच्या स्थितीसाठी तीत पाच पायऱ्या होत्या : अतिप्रखर, प्रखर, मध्यम, मंद आणि अतिमंद. येथे ‘मंद’ हा शब्द केवळ परिमाणवाचक आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मळभाचा पहिला अर्थ या पट्टीवर नेमका बसला आणि दुसरा बाहेर राहिला.

दुसऱ्या अर्थाची सोय दोन वर्षांनी झाली. मे १८९० मध्ये रासायनिक उद्योगविषयक संस्थेच्या इंग्रजी नियतकालिकात या दोघांचा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. बोलीतल्या शब्दांना मोजमापाचा अर्थ देण्याची या निबंधातील रीत मला विशेष लक्षणीय वाटते. निगेटिव्ह ‘दाट’ आहे की ‘पातळ’ हे तोवर डोळ्यांनी ठरत असे. हर्टर-ड्रिफील्ड यांनी पारदर्शकता, अपारदर्शकता आणि घनता अशा तीन संज्ञा निश्चित केल्या. प्लेटमधून आरपार जाणाऱ्या प्रकाशाचा अंश म्हणजे पारदर्शकता. तिचा व्यस्तांक म्हणजे अपारदर्शकता. आणि अपारदर्शकतेचा लघुगणक म्हणजे घनता. या घनतेचे प्रमाण त्या ठिकाणी साचलेल्या चांदीशी पडते असे त्यांना दिसून आले. मग त्यांनी एक्स्पोजरचा लघुगणक आडव्या अक्षावर आणि घनता उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला. आरंभी पायथ्याशी वळण, मग सरळ चढण, आणि माथ्याशी पुन्हा वळण असा तो वक्र आज प्रत्येक फिल्मच्या माहितीपत्रकावर छापलेला असतो.

या आलेखाचे तात्पर्य तत्कालीन छायाचित्रकारांना धक्का देणारे होते. डेव्हलप करण्याचा काळ वाढविला की सर्वच घनता वाढतात. पण त्या एकमेकींशी असलेले प्रमाण कायम राखून वाढतात. सरळ रेषेची चढण तीव्र होते, एवढेच. या चढणीला पुढे ‘गॅमा’ हे नाव रूढ झाले. आकाशाच्या छटेला जागच्या जागी ठेवून झाडाची छटा तेवढी वर आणावी, हे डेव्हलपरच्या तबकात होत नाही. ज्या भागावर प्रकाशाचा ठसाच पडलेला नाही तो भाग कितीही अमोनिया ओतला तरी उगवत नाही. (प्रमाणाचा हा नियम ब्रोमाइडच्या उपस्थितीत जसाच्या तसा टिकत नाही, हे पुढे दिसून आले, मुख्य सिद्धान्ताला त्याने बाध आला नाही.) कॅप्टन ॲबनी यांच्यासारख्या मान्यवर तज्ज्ञांनी या निष्कर्षांना कडाडून विरोध केला आणि वाद काही वर्षे चालला. अखेर १८९८ साली रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने या जोडीला आपले प्रगतिपदक दिले. त्याच वर्षी हर्टर निवर्तले.

वाद तज्ज्ञांचा होता. पण त्याचा घाव एका कलावंताच्या वर्मी बसला. पीटर हेन्री इमर्सन (१८५६–१९३६) यांचा जन्म क्यूबातला, शिक्षण केंब्रिजचे आणि वैद्यकाचे. तो व्यवसाय बाजूस सारून त्यांनी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉरफोकच्या दलदलीत आणि उथळ जलाशयांत कॅमेरा नेला. तो प्रदेश सपाट. पाणी, लव्हाळी आणि आकाश यांवाचून तेथे फारसे काही नाही, आणि हवेत ओल. गुडॉल या चित्रकाराच्या सहकार्याने त्यांनी १८८६ साली नॉरफोकच्या जीवनावर ४० प्लॅटिनम प्रिंट असलेला ग्रंथ काढला. १८८९ च्या ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ या पुस्तकात त्यांनी आपला सिद्धान्त मांडला : निसर्ग डोळ्यांना दिसतो तसा दाखवावा, छटांचे परस्परसंबंध राखावेत, आणि असे केल्यास छायाचित्रण ही चित्रकलेच्या तोडीची कला ठरेल.

इमर्सन यांचे प्रिंट प्लॅटिनमचे होते, या बाबीला येथे फार महत्त्व आहे. प्लॅटिनमच्या कागदाचा स्वभाव मऊ आणि लांब पल्ल्याचा. त्यावर निगेटिव्हमधील छटांची लांबच लांब उतरंड उतरते, पण सपाट निगेटिव्ह त्यावर सपाटच दिसते. ज्याला धुक्यातील लव्हाळी आणि त्यामागचे पाणी यांतील बारीक अंतर जपावयाचे आहे, त्याच्या हातात कागदापाशी फारसे काही उरत नाही. जे काय करावयाचे ते निगेटिव्ह तयार होतानाच. म्हणून तबकातल्या त्या घटकेवर त्यांच्या कलाविचाराची सारी भिस्त होती, आणि हर्टर-ड्रिफील्ड यांनी नेमकी तीच घटका आलेखाच्या स्वाधीन केली. जानेवारी १८९१ मध्ये इमर्सन यांनी काळ्या किनारीची, सुतकपत्रासारखी एक पुस्तिका काढली. तिचे नावच ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफीचा मृत्यू’. छटांवर छायाचित्रकाराची सत्ता चालत नाही, म्हणून छायाचित्रण ही फार तर अत्यंत मर्यादित कला होय, असे त्यांनी जाहीर केले. एवढ्यावर न थांबता त्यांनी आपल्या पुस्तकाच्या १८९९ च्या आवृत्तीत शेवटच्या प्रकरणाला ‘छायाचित्रण – कला नव्हे’ अशा अर्थाचा मथळा दिला. स्वतःचे मत इतक्या उघडपणे मागे घेणारा माणूस विरळा. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला आदर आहे. त्यांचा निष्कर्ष मात्र मला मान्य होत नाही.

कारण नियमाने एक दार बंद केले असले तरी दुसरे उघडे ठेवले होते, आणि ते नेमके मळभातल्या माणसासाठी होते. थोडी आकडेमोड करून पाहू. १६० : १ या प्रमाणाचा लघुगणक सुमारे २.२ येतो. गॅमा ०.६ धरल्यास निगेटिव्हमधील घनतेचे अंतर १.३२ होते. २७ : १ च्या सपाट दृश्याचा लघुगणक १.४३, त्याच गॅमाने घनतेचे अंतर जेमतेम ०.८६ भरते, आणि प्रिंट राखेसारखे उतरते. आता याच सपाट दृश्याला १.३२ चे अंतर द्यावयाचे, तर गॅमा ०.९ च्या किंचित वर न्यावा लागेल. म्हणजे डेव्हलप करण्याचा काळ वाढवावा लागेल. (वक्राच्या पायथ्याचे वळण आणि भिंगातील विखुरलेला प्रकाश येथे हिशेबात धरलेला नाही.) छटांचा क्रम आणि त्यांचे परस्परप्रमाण बदलत नाही हे खरे, पण सबंध उतरंड ताणता येते, आणि मळभात लागते ते एवढेच. इमर्सन यांना निवडक छटांवर सत्ता हवी होती. ती नाही म्हटल्यावर उरलेल्या सत्तेची किंमत त्यांना कळली नाही, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही.

पुढील टप्पा मीस आणि शेपर्ड यांचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील या दोन तरुणांनी हर्टर-ड्रिफील्ड यांचे काम पुन्हा तपासून १९०७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. काळ वाढवीत गेल्यास गॅमा अमर्याद वाढत नाही. तो आरंभी झपाट्याने आणि पुढे मंदावत एका कमाल मर्यादेकडे जातो, हे त्यांनी सूत्रबद्ध केले. फिल्म आणि डेव्हलपर यांच्या निवडीचे खरे स्थान येथे आहे. ही कमाल मर्यादा फिल्मपरत्वे आणि डेव्हलपरपरत्वे निराळी असते. मृदू प्रकृतीच्या जोडीला मळभात कितीही वेळ दिला तरी ती हव्या त्या उंचीवर चढत नाही. बऱ्याच मंदगती फिल्म मात्र स्वभावतःच तीव्र असल्याने सहज चढतात. ढगाळ हवेत वेगवान फिल्म घ्या, हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. तिपाई असेल आणि दृश्य हलणारे नसेल, तर मंदगती फिल्म हीच पुष्कळदा अधिक हिताची.

मग एवढे ज्ञान हाती असताना काळाचे महत्त्व विसरले का गेले? त्याला दोन यांत्रिक कारणे घडली. मीस ज्या रॅटन अँड वेनराइट कंपनीत गेले, तिने १९०६ साली सर्व रंगांना संवेदनशील अशा पॅन्क्रोमॅटिक प्लेट बाजारात आणल्या. अशा प्लेटला तांबडा दिवाही चालत नाही. तेव्हा चित्र उमटताना पाहणे संपले आणि घड्याळ व तापमापक यांवर काम सुरू झाले. ही हानी नव्हे. उलट हर्टर-ड्रिफील्ड यांच्या शिकवणुकीला ती अनुरूपच होती. दुसरे कारण अधिक दूरगामी. प्लेट एकेक करून डेव्हलप होई. मळभातल्या प्लेटला वेगळा काळ देणे शक्य असे. १९२५ साली लायका कॅमेरा विक्रीस आला आणि ३५ मिलिमीटरच्या एका पट्टीवर ३६ चित्रे बसू लागली. सोमवारचे ऊन आणि बुधवारचा पाऊस एकाच गुंडाळीत आले, आणि सबंध गुंडाळीला काळ एकच द्यावा लागला. जे स्वातंत्र्य चित्रागणिक होते ते रोलागणिक झाले, आणि रोल दुकानात देणाऱ्याला तेवढेही उरले नाही. ज्याच्या हातून काळ गेला, तो साहजिकच वस्तूंची नावे विचारू लागला : फिल्म कोणती, डेव्हलपर कोणता.

आपल्या भाषेने या विस्मरणाला हातभारच लावला. मराठीत रोल ‘धुवायला’ टाकतात. धुणे ही वस्तुतः या क्रियेतील शेवटची पायरी. तिचेच नाव साऱ्या क्रियेला मिळाले. जे धुवावयाचे ते आधीच झालेले असते, अशी त्या शब्दाची ध्वनी आहे. कपडा किती वेळ धुतला यावर त्याचा रंग ठरत नाही, निदान ठरू नये! निगेटिव्हचे तसे नाही.

डेव्हलपरांचा इतिहास याच दृष्टीने वाचावा लागतो. इमर्सन यांची पुस्तिका निघाली त्या १८९१ सालीच आगफाचा रोडिनाल बाजारात आला, आणि त्याच सूत्राचा डेव्हलपर आजही मिळतो. कोडॅकच्या कॅपस्टाफ यांनी १९२० नंतरच्या दशकात सिनेमाच्या कामासाठी सिद्ध केलेला डी-७६ हा एका लिटरमागे २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम बोरॅक्स अशा साध्या घटकांचा आहे. बारीक कण आणि मृदू छटा हे त्याचे गुण. इलफर्डचा आयडी-११ हाही बहुतांशी तोच. मृदू म्हणून मळभात तो त्याज्य, असे काही जण मानतात. तसे मानण्याचे कारण नाही. काळ पाव ते तिसऱ्या हिश्शाने वाढविला की साधारण ढगाळ दृश्याला तो पुरेसा पडतो.

स्वानुभवाची एक गोष्ट सांगतो. पीएच.डी.च्या कामासाठी मी रत्नागिरीकडे बोलीचे शब्द गोळा करीत असे, आणि कोशासाठी जाळी, होड्या, नांगर यांची छायाचित्रे घेई. जुलैतील रोल मी न्हाणीघरात नळाच्या पाण्याने धुतले. काळ मात्र पुस्तकातला, २० अंश सेल्सिअसचा. पाणी सुमारे २७ अंशांचे होते. चारच अंश वाढले तरी काळ सुमारे ३०% कमी करावा लागतो, हे मला ठाऊक नव्हते. प्रिंट उत्तम आले आणि मी स्वतःवर खूश झालो. पुढे ऑक्टोबरच्या उन्हातले रोल त्याच रीतीने धुतले, तेव्हा होड्यांच्या पांढऱ्या शिडांत काहीच उरले नाही आणि सावल्या कोळशासारख्या आल्या. पावसाळ्यात माझ्या चुकीनेच काळ वाढवून दिला होता, हे कळावयास आणखी एक वर्ष जावे लागले.

काळाचे गेलेले महत्त्व परत आणण्याचे पद्धतशीर प्रयत्नही झाले. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये जी ‘झोन’ पद्धती बसविली, ती म्हणजे हर्टर-ड्रिफील्ड यांच्या आलेखाचे छायाचित्रकाराच्या भाषेतील रूपांतर होय. सावलीवरून एक्स्पोजर ठरवावे, उजेडावरून डेव्हलप करण्याचा काळ. सपाट दृश्याला ‘अधिक एक’, तीव्र दृश्याला ‘उणे एक’. पण ही पद्धती सुट्या फिल्म वापरणाऱ्यांनाच पूर्णपणे मानवली. रोलवाल्यांचा प्रश्न बहुतांशी कागदाने सोडविला. निरनिराळ्या तीव्रतेचे ब्रोमाइड कागद रूढ झालेच होते. १९४० साली इलफर्डने एकाच कागदातून अनेक तीव्रता देणारा मल्टिग्रेड आणला. जे इमर्सन यांच्या प्लॅटिनमला साधत नव्हते ते येथे साधले : सपाट निगेटिव्ह तीव्र कागदावर उठून दिसू लागले. ही सोय मोठीच, पण तिने निगेटिव्हकडे दुर्लक्ष करण्याची सवयही लावली. शिवाय तीव्र कागदावर निगेटिव्हमधील कण आणि ओरखडे तितकेच उठून दिसतात.

फिल्टरविषयी एक वाक्य पुरे : पिवळा किंवा तांबडा काचपडदा निळ्या आकाशाला काळोखा करतो, करड्या ढगांत निळेच नसल्याने तेथे तो केवळ प्रकाश खातो.

इमर्सन यांनी पुस्तिका काढल्यानंतर कॅमेरा खाली ठेवला नाही, ही गोष्ट या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत बोलकी वाटते. त्यांचा शेवटचा चित्रसंग्रह ‘मार्श लीव्ह्ज’ १८९५ साली निघाला. त्यात १६ चित्रे आहेत, ताम्रपटावर कोरून छापलेली : बर्फ, धुके, एखादे उघडेबोडके झाड, पाण्यावर जेमतेम दिसणारी एखादी रेघ. छटांचे अंतर इतके थोडे, की काही पानांवर चित्र कोठे सुरू होते हे डोळे जवळ नेल्यावाचून कळत नाही. त्यानंतर त्यांनी दुसरा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला नाही.